एका इकाम्यावर किती माणसं?

जेद्द्यात मी माणसांची नावं विकणाऱ्या दुकानात कामाला होतो. पाटीवर अर्थात तसं लिहिलेलं नव्हतं. पाटीवर मोबाईल, सिमकार्ड, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो एवढंच होतं. अल अझीझियातल्या त्या रस्त्यावर तसली दुकानं ओळीने होती. आमच्या एका बाजूला केरळी माणसाचं चहा-पराठ्याचं हॉटेल, दुसऱ्या बाजूला पाकिस्तानी शिंपी. नावं सगळेच मोबाईलवाले विकायचे. आमच्याकडे जरा जास्त विकली जायची, कारण आमच्याकडे झेरॉक्सचं मशीन होतं.

कसं ते सांगतो. सौदीत परक्या माणसाचं सगळं असणं-नसणं इकाम्यात असतं. इकामा म्हणजे तिथे राहण्याचा परवाना. मी गेलो तेव्हा ती पासपोर्टसारखी छोटी पुस्तिका होती, पुढे कार्ड आलं. पासपोर्ट असतो कफीलकडे, म्हणजे ज्याच्या जबाबदारीवर तुम्हाला त्या देशात घेतलंय त्या मालकाकडे. पुष्कळ कंपन्या इकामाही स्वतःकडेच ठेवून घेत आणि कामगाराच्या हातात शिक्का मारलेली झेरॉक्स टेकवत. रस्त्यात पोलिसाने अडवलं की ती दाखवायची. सिम घ्यायचं, ती द्यायची. बँक, दवाखाना, घरभाडं, घरी पैसे पाठवणं, सगळीकडे ती. माणूस राबतोय एकीकडे, आणि त्याचं नाव शंभर ड्रॉवरांत पडलेलं.

त्यात कागद काढण्यात आपल्या लोकांचा हात कोण धरणार? शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या पाच प्रती, जातीच्या दाखल्याच्या सहा, त्यांवर साहेबाची सही घेऊन केलेल्या सत्यप्रती, आणि सगळ्या एका प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये. हे आपलं बाळकडू. मराठी गिऱ्हाईक मी दुरून ओळखायचो. बाकीचे लोक इकाम्याची एक झेरॉक्स मागत. मराठी माणूस म्हणे, "दहा काढा, लागतातच. घाऊक भाव काय?" मग त्यातल्या दोन काळ्या आल्या म्हणून काउंटरवरच टाकून जाई आणि एखादी मशीनमध्ये विसरे. आपण नाव जपतो म्हणतो. मी सांगतो, आपण नाव वाटतो. फुकट वाटतो.

दुकानाचा मालक सौदी होता, म्हातारा शेख, महिन्याकाठी एकदा यायचा. कारभार बशीरभाईंकडे. बशीरभाई हैदराबादचे, पोट सुटलेले, मनाने मोकळे. मी गेलो त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या घरचा डबा दिला आणि पुढेही कित्येक दिवस दिला. तो माणूस वाईट होता असं मी कधीच लिहिणार नाही. पण काउंटरखाली त्यांचं एक खोकं होतं. त्यात गिऱ्हाइकांच्या इकाम्यांच्या झेरॉक्स असत. टाकून दिलेल्या, विसरलेल्या, 'सिमसाठी एक द्या' म्हणून दोन घेतलेल्या. फोन कंपनीचा नियम असा की सिम सुरू करायचं तर इकाम्याची प्रत हवी. पण हज-उमऱ्याला येणाऱ्या यात्रेकरूकडे इकामा कुठला? त्याला तर विमानतळावर उतरल्या उतरल्या घरी फोन करायचा असतो. मग बशीरभाई खोक्यातली एक झेरॉक्स काढून तिच्यावर सिम सुरू करून ठेवत. त्याला 'तयार सिम' म्हणत. पैसे जास्त, चौकशी शून्य.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "बशीरभाई, ज्याचा इकामा आहे त्याला माहीत आहे का?"

"अरे मियाँ, उसको मालूम करके क्या करना? हाजी साब को घर पे खैरियत बोलना है। सवाब का काम है ये।"

"पुण्यच कमवायचं तर स्वतःच्या इकाम्यावर कमवा ना मग."

ते हसले. "क्या लीडर आदमी भेज दिए रे इंडिया से! यूनियन बनाते क्या इधर?"

तिथे युनियन बनत नाही हे मला ठाऊक होतं. पण माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर होते, आणि आमच्या घरात देवाच्या फोटोंपेक्षा संघटनेची पत्रकं जास्त होती. मी अक्षरं जुळवायला शिकलो ती त्या पत्रकांवर. 'कामगार बंधूंनो, वाचल्याशिवाय अंगठा देऊ नका' हे मी बाराखडीच्या आधी वाचलं असेन. तयार सिम करायला मी साफ नकार दिला. बशीरभाईंनी मग ते काम स्वतःकडे ठेवलं आणि मला झेरॉक्सच्या मशीनवर बसवलं.

तिथे मी माझं छोटं बंड सुरू केलं. जो येईल त्याच्या झेरॉक्सवर मी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या रेघा मारायचो, चेक क्रॉस करतात तशा. रेघा फोटोवरून गेल्या पाहिजेत. मधल्या जागेत इंग्रजीत आणि अरबीत लिहायचं: फक्त अमुक कामासाठी. खाली तारीख. ती प्रत मग दुसऱ्या कामाला चालत नाही. बिघडलेली प्रत गिऱ्हाइकाच्या हातात देऊन म्हणायचो, फाडा, माझ्यासमोर फाडा, आणि तुकडे घरी न्या. मशीनचं झाकण उचलून दाखवायचो की आत काही राहिलेलं नाही. लोक वैतागायचे. एक पुण्याचे बँकवाले तर म्हणाले, "अहो, चांगली कॉपी खराब केलीत! दुसरी काढा, आणि ती राहू द्या स्वच्छ." मी त्यांना म्हणालो, "साहेब, स्वच्छ कॉपी चोरालाच लागते." ते पुन्हा आले नाहीत.

आता मूळ गोष्ट.

एका गुरुवारी दुपारच्या नमाजासाठी शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. बशीरभाई मशिदीत गेलेले, मी आत स्टुलावर. तेवढ्यात शटरवर थापा पडल्या आणि खालून पांढरे कॅनव्हासचे बूट दिसले.

"कोण आहे रे आत? मराठी पोरगा काम करतो ना इथे?"

मी शटर वर केलं. काळा पायघोळ अबाया घातलेली, पंचेचाळिशीची बाई. मागे रस्त्यावर एका सरकारी रुग्णालयाची बस उभी, तिच्यात परिचारिका. गुरुवारी त्यांना बाजाराला आणत. तासाभराने बस परत नेई.

"ताई, नमाज चालू आहे. आत्ता विक्री नाही करता येत."

"विकत घ्यायला नाही आलेय. जाब विचारायला आलेय." ती बाहेरच उभी राहिली, मी आत. परक्या पुरुषाबरोबर बंद दुकानात बाई उभी राहिली तर दोघांची धडगत नव्हती, हे तिलाही कळत होतं. "माझं नाव शालन. गुहागरकडची मी. सर्जिकल वॉर्डला आहे. दोन वर्षांपूर्वी तुमच्या ह्या दुकानातून सिम घेतलं. आता मला सांग, माझ्या नावावर तुम्ही मेल्यांनी आणखी कुणाला फोन दिलात?"

दोन वर्षांपूर्वी मी तिथे नव्हतो, पण खोकं होतं.

तिने सांगितलं ते असं. कुणीतरी पुरुष एका सौदी कुटुंबाच्या घरी सारखा फोन करून त्यांच्या मुलीशी नको ते बोलत होता. कुटुंबाने तक्रार केली. नंबर निघाला शालन सिस्टरच्या नावावर. रुग्णालयाच्या मंदूबने तिला बोलावलं. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांत कंपनीचे कागद फिरवणारा माणूस, कामगाराच्या आणि सरकारच्या मधला. त्याने तिच्यापुढे अरबीत टाईप केलेला कागद ठेवला आणि म्हणाला, सही कर, मी मिटवतो.

"काय लिहिलंय त्यात?"

"मला अरबी बोलता येते, वाचता कुठली? मी त्यालाच वाचायला लावलं. म्हणे, मी हे सिम माझ्या ओळखीच्या एका पुरुषाला वापरायला दिलं, तो असं करील याची मला कल्पना नव्हती, मी माफी मागते."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, कोण पुरुष? तो म्हणतो, कुठलंही नाव सांग, निघून गेलेल्या माणसाचं. खलास." तिने बसकडे एकदा वळून बघितलं. "अरे, हॉस्टेलला राहणारी बाई मी. नवरा गावाला. पोरगी बारावीला. नोकरी गेली तर जाईल मेली, दुसरी मिळेल. पण माझ्याच सहीने माझा एक बाप्या कागदावर कायमचा राहील, त्याचं काय?"

असा तिढा होता. सही केली तर तिची अब्रू त्या कागदावर गेली. नाही केली तर तिने स्वतःच फोन केले किंवा करवले असं ठरणार, आणि बायकांना त्रास देणाऱ्या प्रकरणात तिथे हसत सोडत नाहीत. शनिवारी, आठवड्याच्या पहिल्या दिवशी, पोलीस अधिकारी रुग्णालयात येणार होता. तोवर ठरवायचं होतं.

मी म्हणालो, "ताई, सही करू नका."

"ते मलाही कळतंय. करू काय ते सांग."

मी तिला तयार सिम म्हणजे काय ते सांगितलं. ती ऐकत गेली तशी तिच्या कपाळावरची शीर वर आली. मग विचारलं, "माझी झेरॉक्स त्या खोक्यात कशी?"

"त्या वेळी किती काढल्या होत्या?"

तिने बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "आमचा इकामा हॉस्पिटलच्या तिजोरीत. आम्हाला बघायलाही मिळत नाही. एकदा कशासाठी तरी हातात आला होता, तर म्हटलं घेऊ काढून वीसेक. हॉस्टेलच्या सगळ्या जणी तसंच करतो. बसच्या ड्रायव्हरकडेही देऊन ठेवतो, त्याला आमचं आलेलं सामान सोडवून आणायला लागतात. चार तर मी इथेच ठेवल्या. बशीरभाई म्हणाले, सिस्टर, राहू द्या, परत यावं लागणार नाही तुम्हाला."

शिकलेल्या, दुसऱ्याचा जीव वाचवणाऱ्या बायका, आणि स्वतःचं नाव ड्रायव्हरच्या डॅशबोर्डवर! पण त्यांना तरी काय म्हणायचं? मूळ कागद मालकाने कोंडून ठेवला की माणूस नकलांवरच जगणार.

तिने आधी काय करायचं ते मी सांगितलं. फोन कंपनीच्या कचेरीत जायचं आणि स्वतःच्या इकाम्याच्या क्रमांकावर किती नंबर चालू आहेत ते विचारायचं. हा हक्क प्रत्येकाला होता, पण तो आहे हे कुणाला माहीत नव्हतं. जे आपले नाहीत ते तिथल्या तिथे बंद करायला लावायचे, 'हे माझे नव्हेत' असं लेखी द्यायचं, आणि दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. तोंडी तक्रार म्हणजे हवेत केलेली तक्रार. आणि भारतीय वकिलातीत एक पत्र टाकून ठेवायचं, उपयोग झाला नाही तरी. कारण उद्या कुणी म्हटलं की इतके दिवस गप्प का होतीस, तर दाखवायला काहीतरी हवं.

मी तिच्याबरोबर जाऊ शकत नव्हतो. ती बसमधल्या केरळी मैत्रिणीला, लीला सिस्टरला घेऊन गेली. बस तासाभराने निघायची ती त्या दिवशी उशिरा निघाली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि बसमधल्या सगळ्या परिचारिका मिळून त्याला ओरडत होत्या. शालन सिस्टर परत आली तेव्हा दुकान उघडलं होतं आणि बशीरभाई काउंटरवर होते. तिने त्यांच्यासमोर शिक्का मारलेला कागद धरला.

"माझ्याशिवाय आणखी चार माणसं माझ्या नावाने बोलतायत, बशीरभाई. मी एकटी बाई. पाच फोन काय करू, लोणचं घालू?"

बशीरभाई कागदाकडे पाहत राहिले. "सिस्टर, अल्ला कसम, मेरे को क्या मालूम कौन लिया सिम। हाजी लोगाँ आते, जाते।"

"ते मी नाही विचारत. शनिवारी साहेबासमोर येऊन एवढंच सांगा, की सिम मी घेतलं नव्हतं."

"मैं आऊँ? मेरे को अंदर कर देंगे सिस्टर! मेरे दो बच्चे इंडियन स्कूल में पढ़ते इधर।"

"माझी पण एक शिकते," ती म्हणाली आणि निघाली. पायरीवरून वळून माझ्याकडे बघितलं.

ती गेल्यावर बशीरभाईंनी चहा मागवला. "सुन लीडर. तू नहीं जाता। शेख तेरा कफील है। एक दस्तखत, और तेरा खुरूज लग जाता।" खुरूज म्हणजे देशातून कायमचं बाहेर.

मी म्हणालो, "त्या बाईने सही केली नाही, आणि मी मात्र सहीला घाबरू?"

"बाताँ नक्को मियाँ। घर कौन चलाता तेरा? पत्रकाँ चलाते क्या?"

खरं होतं ते. आमचं घर पत्रकांवर कधीच चाललं नव्हतं. वडिलांचा माग दर दोन वर्षांनी कुणीतरी बंद पाडायचं, आणि आई दुसऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून द्यायची. मी चहा प्यायलो, कप विसळून ठेवला आणि सांगितलं, "शनिवारी मी रजेवर."

शनिवारी रुग्णालयाच्या प्रशासकीय खोलीत चौघं होते. पोलीस अधिकारी, तरुण, माझ्याहून चार-सहा वर्षांनीच मोठा असेल. मंदूब, अत्तर मारलेला, हातात तोच टाईप केलेला कागद. शालन सिस्टर, ड्यूटीचा गणवेश, डोक्यावर स्कार्फ. आणि तिच्या शेजारी लीला सिस्टर, जपमाळ ओढत. मी दारात उभा राहिलो.

"हा कोण?" मंदूबने विचारलं.

"माझा साक्षीदार," सिस्टर म्हणाली.

मंदूबने अधिकाऱ्याकडे वळून भराभर अरबी बोलायला सुरुवात केली. बाई साधी आहे, घाबरली आहे, हा माफीनामा, सही करते, संपवू या. सगळं तिच्या वतीने. सिस्टरने ते ऐकून घेतलं आणि मग ती स्वतः बोलली. तिची अरबी मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ती पुस्तकातली नव्हती, कचेरीतलीही नव्हती. वाळवंटातून आलेल्या म्हाताऱ्या बायकांच्या उशाशी बसून उचललेली, खडबडीत, आजीबाईची अरबी.

"या वलदी," ती अधिकाऱ्याला म्हणाली. माझ्या लेकरा. "माझ्या तोंडात जीभ आहे. ती ह्या माणसाने भाड्याने घेतलेली नाही. मला विचार."

अधिकाऱ्याच्या भुवया वर गेल्या आणि ओठ नकळत हलले. त्याच्या आजीसारखं त्याच्याशी कुणी कामाच्या ठिकाणी बोललं नसावं. तो मंदूबला म्हणाला, "तू थांब." मग तिला म्हणाला, "सांग, खाला." खाला म्हणजे मावशी.

"मी कुणालाही सिम दिलं नाही. कुठलाही पुरुष नाही. ज्या मुलीला त्रास झाला तिच्या आईला मी तोंड दाखवीन, पण ह्या कागदावर सही करणार नाही. तो खोटा आहे."

तिने फोन कंपनीचा शिक्क्याचा अर्ज पुढे केला. अधिकाऱ्याने वाचला. "पण तुझी इकाम्याची प्रत तर दिलेली आहे. तू नाही दिलीस तर कुणी?"

आता माझी पाळी. माझी अरबी दुकानातली, मोडकी, पण किमती आणि फसवणूक ह्या दोन विषयांत चांगली चालायची. मी तयार सिमचं सगळं सांगितलं.

"कोण करतं हे? नाव सांग."

"दुकानं करतात साहेब. आमचं करतं. शेजारचं करतं. रस्ताभर करतात. एका माणसाचं नाव घेऊन काय होणार?"

"म्हणजे तू म्हणतोस, इकाम्याशिवाय सिम मिळतं? माझ्या शहरात?"

"आत्ता मिळतं. कुणालाही पाठवून बघा."

मंदूब हसून म्हणाला, "खोटं बोलतोय." अधिकाऱ्याने खिडकीतून खाली पाहिलं. रुग्णालयाचा पठाण ड्रायव्हर गाडी पुसत होता. त्याला वर बोलावलं.

"जा, जवळच्या दुकानातून एक सिम घेऊन ये. इकामा दाखवायचा नाही."

ड्रायव्हरचा चेहरा पांढरा पडला. "साहेब, मी काही केलेलं नाही."

"म्हणूनच तर करायला सांगतोय. यल्ला, निघ!"

तो गेला. लीला सिस्टरचे ओठ हलत होते. शालन सिस्टर सरळ बसली होती, हात मांडीवर, वॉर्डात मोठे डॉक्टर राऊंडला येतात तेव्हा बसावी तशी. मी मनात म्हणत होतो, आज नेमका एखादा दुकानदार प्रामाणिक निघायचा!

नाही निघाला. ड्रायव्हर परत आला आणि त्याने टेबलावर सिम ठेवलं. "चालू आहे साहेब. दुकानदाराने फोन लावून दाखवला." आणि जरा भीत भीत म्हणाला, "विचारलं सुद्धा नाही हो मला काही."

अधिकाऱ्याने फोन कंपनीत कुणाला तरी लावलं. कुठल्या नावावर आहे ते विचारलं. ऐकता ऐकता तो टेबलावर बोटं वाजवत होता, ती थांबली. नंबर कुठल्याशा बांगलादेशी सफाई कामगाराच्या नावावर होता. त्या बिचाऱ्याला कळतही नसेल की आपलं नाव आत्ता पोलिसाच्या टेबलावर पडलंय.

यानंतर बाहेर काय झालं ते इथेच सांगून टाकतो, कारण लोक तेच आधी विचारतात. फोन करणारा पुढे सापडला की नाही, मला माहीत नाही. आमच्या रस्त्यावर धाड पडली. बशीरभाई काही दिवस आत होते, मग सुटले, पण दुकान त्यांच्याकडून गेलं आणि मुलांना हैदराबादला पाठवावं लागलं. त्यांनी मला फोन केला. मला वाटलं शिव्या देतील. ते एवढंच म्हणाले, "तू गलत नहीं बोला मियाँ। लेकिन डब्बा मेरा खाया तू।" एक गोष्ट मात्र मी स्वतःला सांगतो. त्यांनी चूक केली तीही कुणाचं वाईट चिंतून नव्हे, आणि म्हणूनच ती रोखणं जास्त गरजेचं होतं. वाईट माणसाच्या हाती नाव गेलं तर आपण सावध होतो. भल्या माणसाच्या हाती गेलं की आपण 'राहू द्या' म्हणतो.

मला खुरूज लागला. म्हातारा शेख सहीच्या वेळी माझ्याकडे बघून म्हणाला, "तू खरं बोललास, पण माझ्या दुकानात बोलला नाहीस." मी म्हणालो, "दुकानात बोललो होतो. कुणी ऐकलं नाही." त्याने सही केली. इचलकरंजीला परतलो तर इथेही तेच. कुणाच्याही रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर कुणालाही सिम. पानपट्टीवर. म्हणून हे लिहितो आहे. मी कुठे पोलीस आहे, की वकील? पण झेरॉक्स काढायला जाल तेव्हा मोजून काढा, त्यावर काम लिहा, आणि बिघडलेली फाडा. कुणी म्हटलं 'एवढं काय त्यात', तर त्याला सांगा, त्यात मी आहे. आणि एवढं करूनही नाव गेलंच, तर लाजून घरी बसू नका. लाज ज्याने चोरलं त्याची.

आता परत त्या खोलीत.

अधिकाऱ्याने मंदूबच्या हातातला माफीनामा घेतला, उभा फाडला, आडवा फाडला आणि टोपलीत टाकला. एक कोरा कागद पुढे ओढून स्वतःच्या हाताने लिहायला बसला. एकेक वाक्य लिहून तिला वाचून दाखवी आणि विचारी, असंच ना? दोनदा ती म्हणाली, असं नाही. दोनदा त्याने खोडलं. ओळखीचा पुरुष हा शब्द त्यात कुठेच नव्हता. शेवटी तिने सही केली. देवनागरीत, मोठ्या अक्षरात, आडनावासकट.

"खलास, खाला," तो उठत म्हणाला. "तू मोकळी आहेस. जा, तुझे पेशंट वाट बघत असतील."

लीला सिस्टर उठली. मी दारातून बाजूला झालो. शालन सिस्टर उठली नाही.

"आणखी काय?" मंदूबने चिडून विचारलं.

तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. अधिकाऱ्याला म्हणाली, "या वलदी, रस्त्यात तुझ्या शिपायाने मला अडवलं तर मी काय दाखवायचं?"

"इकामा."

"तो ह्यांच्या तिजोरीत आहे. माझ्याकडे नक्कल आहे. नकलेने काय होतं ते तू आत्ता पाहिलंस."

मंदूब म्हणाला, "रुग्णालयाची पद्धत आहे साहेब. बायका हरवतात. सुरक्षित राहावा म्हणून..."

"सुरक्षित?" ती मराठीत म्हणाली आणि हसली. मग अरबीत: "माझ्या नावावर चार परकी माणसं बोलत होती, तेव्हा तो सुरक्षितच होता."

अधिकाऱ्याने टोपी उचलली होती, ती परत टेबलावर ठेवली. मंदूबला म्हणाला, "किल्ली कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे. पण साहेब, संचालकांना विचारल्याशिवाय..."

"इकामा जवळ बाळगायचा असतो, असा कायदा आहे. तुझ्या संचालकांना मी सांगतो. आण."

तो गेला आणि आला. तिने इकामा हातात घेतला, उघडला, फोटो बघितला. "बघ गं लीला, किती बारीक होते मी," असं हिंदीत म्हणाली. मग तो पर्समध्ये ठेवला, चेन लावली, पर्स काखेत घट्ट धरली आणि उठली.

दारापाशी थांबून मंदूबला म्हणाली, "किल्ली खिशातच ठेव. आमच्या हॉस्टेलच्या सगळ्या जणी खाली उभ्या आहेत."

मी खिडकीतून पाहिलं. बस उभी होती आणि बाहेरचा जिना भरून पांढरे बूट वर चढत होते.